भरल्या बोटीचा काटा

प्रिय देवानंद,

जय भीम. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील. ठेव, पण फाडू नकोस. यात तुझ्या लेकीची गोष्ट आहे, आन् ती स्वतः तुला बिलकुल सांगायची न्हाई. मागच्या आठवड्यात तिनं तुला काय सांगितलं होतं? मैत्रिणीचं लग्न आहे, तिकडं रेंज नसते. लग्नबिग्न काही नव्हतं गड्या. रत्नागिरीहून रजा टाकून, तीन गाड्या बदलून, घनसावंगीतून जीपच्या मागच्या फळीवर बसून प्रीती आपल्या घाटावर आल्ती. तीन दिवस आमच्या घरी राहिली. माझा फाटका सदरा घालून इंजिनाशेजारी पालथी पडून राहिली. बेबीनंदा वहिनींना सांग, जेवणाची आबाळ झाली न्हाई. तुझ्या सगुणावहिनीनं तिला इतकं खाऊ घातलं की पोरगी शेवटी हात जोडायला लागली.

नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली न्हाई. आता लिहायला बसलो तर सुरुवात कुठून करावी ते कळंना, म्हणून बोटीपासून करतो. आपली बोट अजून आहे. आपण दोघांनी मिळून मुंबईकडून ट्रकवर घालून आणली तेव्हाच ती म्हातारी होती, तुला आठवत असेल. गोदावरीवर बंधारा झाला, पाणी तुंबलं, पाण्यातून पायी पलीकडं जायची वाट बंद झाली, आन् पलीकडं बीडच्या काठाला जायचं तर पुलावरून चाळीस किलोमीटरचा फेरा. विहिरीचे मोटारपंप उघडणारे आपण दोघं, आपल्याला बोट काय कळत होती? पण पहिल्या दिवशी अख्खं गाव घाटावर आलं होतं आन् तू काठी रोवून उभा होतास. ते सगळं मी विसरलेलो न्हाई.

आन् तो दिवसही न्हाई. पलीकडच्या जत्रेहून परतीची शेवटची खेप, बोटीत तीस माणसं, बोट तू चालवत होतास. मधोमध इंजिन तापून जाम झालं. दोन तास बोट पाण्यावर वाहत राहिली. भोयांनी दोर टाकून ओढून आणली तेव्हा बायामाणसं रडून थकली होती आन् उतरताना साळूबाई पडून तिचा हात मोडला. घाटाच्या पायरीवर सगळ्या गावासमोर मी तुला म्हणालो की नदीचं पाणी आत घेणारा बोटीच्या बुडाचा कॉक न उघडताच तू बोट काढलीस, नदीचं पाणी इंजिनाला मिळालंच न्हाई. तू म्हणालास कॉक उघडा होता, निघताना मागच्या नळीतून पाणी पडत होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हणालो, पाणी पडत असेल तर इंजिन तापतंच कसं? खोटं बोलू नको. चौदा वर्षांची प्रीती तुझा डबा हातात धरून तिथंच उभी होती. तू चावी पायरीवर ठेवलीस आन् वर निघून गेलास. त्या दिवाळीच्या आधी तुम्ही वाळूजला गेलात. तू तिथं कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेस, पुन्हा पाण्याला हात लावला न्हाईस, हे मला सगुणाकडून कळत राहायचं. तिला कसं कळायचं ते मी कधी विचारलं न्हाई.

आता यंदाचं सांगतो. पावसाळ्याच्या आधी तालुक्यातल्या सगळ्या बोटींची तपासणी निघाली. नुसते कागद न्हाई, चालवून दाखवायची. तीस माणसांच्या वजनाची पोती भरायची, पूर्ण रेस द्यायची, पलीकडं दोन चकरा मारायच्या. तापली तर बोट बंद. नोटीस वाचली आन् मला कळलं, बोट बंद होणार. कारण गड्या, त्या दिवसापासून मी या बोटीला कधी पूर्ण रेस दिलीच न्हाई. जालन्याच्या मिस्त्रीकडून इंजिन बांधून घेतलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं झालं. पण रेस वाढवली, माणसं भरली की गरमीचा काटा वर चढायचा. मंग मी दहा-बारा माणसं घ्यायचो, अर्ध्या रेसवर चालवायचो आन् लोकांना सांगायचो की म्हातारं इंजिन आहे, दम घेऊन जाऊ द्या. पलीकडच्या वस्तीवरच्या अकरा पोरी या बोटीनं इकडं हायस्कूलला येतात. बोट बंद म्हणजे त्यांचे बाप त्यांना चाळीस किलोमीटरवरून पाठवतील का? दोघी-तिघींची लग्नं लावून देतील, बाकीच्या कापूस वेचायला. हे मला दिसत होतं. मी चार दिवस पाने-हातोडी घेऊन बोटीत बसलो, काही जमलं न्हाई. पाचव्या दिवशी सगुणानं मला न विचारता प्रीतीला फोन लावला, ती रत्नागिरीला बोटींची इंजिनं दुरुस्त करते म्हणून.

मला कळलं तेव्हा मी चिडलो. कोणत्या तोंडानं बोलावलंस तिला, म्हणून ओरडलो. सगुणा म्हणाली, तोंड माझं हाय, तुमचं न्हाई, आन् पोरगी निघाली बी. सगुणा नऊ वर्षं प्रीतीशी फोनवर बोलत आली आहे, आयटीआयची फी भरायच्या टायमाला घरातली कोंबडी-अंडी विकून काय काय पाठवलं ते मला त्या दिवशी कळलं. असो.

प्रीती आली ती थेट घाटावर. मला वाटलं ती माझ्याकडं बघणार न्हाई. ती म्हणाली, काका, चालू करा. पान्याला हात लावला न्हाई. तासभर नुसती बसून राहिली, डोळे मिटून. मधेच उठायची आन् एकेका नळीला पालथा हात लावून बघायची, जसं आईनं पोराच्या कपाळाला लावावा. इथं गार, इथं कोमट, इथं हात टिकत न्हाई. खडूनं नळ्यांवर खुणा केल्या. मंग मला प्रश्न. काटा कधी चढतो, उभ्या बोटीत का चालत्या? रिकाम्या का भरल्या? थंडीत कमी चढतो का? पाणी गढूळ असलं की फरक पडतो का? मी तीस वर्षं मोटारी उघडतोय देवानंद, मला कुणी असं विचारलेलं न्हाई आन् मीही कधी कुणाला विचारलं न्हाई. आपण काय करत होतो? आवाज आला की आधी पाना काढायचा.

पहिली गोष्ट निघाली ती माझीच करामत होती. यंदा जलपर्णी फार माजली आहे, तिची मुळं पाण्याबरोबर आत ओढली जातात. विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाला आपण कपडा बांधतो की न्हाई, कचरा जाऊ नये म्हणून? तसा मी बोटीच्या बुडाला, जिथून पाणी आत येतं तिथं, सगुणाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून ठेवल्ता. प्रीतीनं पाण्यात उतरून तो सोडून आणला. शेवाळ धरून त्याची गोधडी झालेली. ती हसली. म्हणाली, काका, विहिरीला घाई नसते, बोटीला असते. आतली जाळी काढली, तिच्यात मुळांचा बोळा. ती साफ करून बसवली, बोट फिरवून आणली, काटा दोन बोटं खाली. मी खूष. म्हटलं झालं, चला चहाला. अर्ध्या दिवसात काम फत्ते.

ती म्हणाली, न्हाई झालं. बादली मागितली. बोट बांधून ठेवून मागच्या नळीखाली बादली धरली आन् मोजायला लागली. कमी रेसला बादली चाळीसपर्यंत मोजल्यावर भरली. म्हणाली, आता रेस वाढवा, पंप दुपटीनं फिरेल, म्हणजे बादली विसाला भरली पाहिजे. भरली पस्तिसाला. पुन्हा भरली, पुन्हा पस्तीस. मी म्हणालो पाणी तर पडतंय ना. देवानंद, हे वाक्य तोंडातून गेलं आन् पायरीवर हेच सांगणारा तू आठवलास. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, हो काका, पाणी पडतंय. पण पुरेसं पडत न्हाई. रिकाम्या बोटीला एवढं चालतं, भरल्या बोटीला चालत न्हाई. नळीतून पाणी पडताना बघणारा माणूस खरंच बोलत असतो, फक्त त्यानं मोजलेलं नसतं. आन् मोजायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पंप उघडला. आत ते रबराचं चाक असतं, सहा पाकळ्यांचं, तेच पाणी ढकलतं. चाक चांगलं होतं, सगळ्या पाकळ्या शाबूत. मी म्हणालो, बघ, पंपही चांगला आहे, आता कशाला खोलात जातेस? खरं सांगू का, मला तिनं पुढं जायला नको होतं. तेव्हा मला वाटलं की उद्यावर तपासणी आली आहे म्हणून मी घाबरलो. ती म्हणाली, पाणी पंपातून निघतं आन् मागून पडतं, मधे फक्त एकच जागा राहिली. ते पितळी नळकांडं, कूलर. सगुणा शेजारी बसल्ती, तिनं विचारलं हे काय करतं बाई. प्रीतीनं तिला सांगितलं की याच्या आत पेन्सिलीएवढ्या बारीक नळ्या आहेत, नळ्यांतून नदीचं पाणी जातं, बाहेरून इंजिनाचं पाणी फिरतं, दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत न्हाई, फक्त गरमी इकडची तिकडं जाते. सगुणाला पटकन कळलं. मला इतकी वर्षं कूलर म्हणजे एक जड डबा एवढंच माहीत होतं. इंजिन जालन्याला गेलं तेव्हा तो डबा आमच्या ओसरीत पोत्यात पडून होता, मी वरून धुऊन परत बसवला.

झाकणाचे बोल्ट गंजून बसलेले. मी हातोडी उचलली तर तिनं माझ्या हातातून काढून घेतली. बोल्टांना डिझेल लावून ठेवलं, जेवण करून आली, पुन्हा लावलं, मंग हळूहळू, पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं. एकही तुटला न्हाई. नऊ वर्षांत न उघडलेलं झाकण तिनं असं उतरवलं जसं झोपलेल्या पोराच्या अंगाखालून पांघरूण काढावं. आत निम्म्या नळ्या चुन्यानं बुजलेल्या. सगुणा म्हणाली पितळंच हाय ना, मंग चिंच लावा की, देवाची भांडी न्हाई का निघत. पोरीनं हसण्यावारी नेलं न्हाई. चांगली पाटीभर चिंच कोळून दोघींनी ते नळकांडं त्यात बुडवलं आन् नंतर खराट्याची एकेक काडी घालून एकेक नळी साफ केली. बासष्ट नळ्या. मी मोजल्या न्हाईत, तिनं मोजल्या.

पण चिंचेत बुडवण्याच्या आधी एक गोष्ट झाली. नळ्यांच्या तोंडाशी अडकलेले रबराचे काळे तुकडे तिनं चिमट्यानं काढले आन् वर्तमानपत्रावर मांडले. चार होते. दगडासारखे कडक, वर चुन्याचा थर. पाकळ्या होत्या त्या, पंपाच्या चाकाच्या. तिनं विचारलं, काका, या कधी तुटल्या होत्या? मी म्हणालो, मागच्या वर्षीच्या असतील. खोटं बोललो देवानंद. तोंडातून निघून गेलं. सगुणा चिंच कोळता कोळता म्हणाली, मागल्या दसऱ्याला बदललं ते चाक तर सगळं साबूत निघाल्तं, म्या ते नातीला खेळाया दिलं की. प्रीतीनं ते तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आन् काड्या निवडायला लागली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं न्हाई. तिला विचारता आलं असतं. तिच्या वयात मी असतो तर त्या माणसाची गचांडी धरली असती. ती संध्याकाळपर्यंत नळ्या साफ करत राहिली, माझी बोट पास व्हावी म्हणून. त्या संध्याकाळी सगुणानं माझं ताट वाढून ठेवलं आन् ती प्रीतीजवळ जाऊन बसली.

तपासणी बुधवारी सकाळी झाली. साहेब आले, बरोबर दोघं. वाळूची पोती भरली, बोट काठापर्यंत दबली. मी प्रीतीला म्हणालो तू चालव. ती म्हणाली बोट तुमची आहे, चालवणार तुम्ही, मी फक्त बादली धरते. पूर्ण रेस दिली, नऊ वर्षांत तो आवाजच ऐकला नव्हता. पलीकडं गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. काटा मधल्या खुणेवर जाऊन जो थांबला तो हललाच न्हाई. बादली अठराला भरत होती. पलीकडच्या काठावर त्या अकरांतल्या चार-पाच पोरी उभ्या होत्या, बोटीत बाई चालकाशेजारी बसून साहेबाला समजावून सांगतेय हे तोंड उघडं टाकून बघत होत्या. साहेबानं विचारलं, मॅडम कोणत्या कंपनीच्या? ती म्हणाली मी याच गावची, देवानंदची मुलगी. एवढं सरळ सांगितलं तिनं. मला तिचा जो अभिमान वाटला तो वाटायचा हक्क मला न्हाई, पण वाटला.

सही झाली, साहेब गेले. लोक घाटावर होते तसेच होते, रामराव होता, तेव्हा हात मोडलेली साळूबाई होती, त्या दिवशी बोटीत असलेले आणखी सात-आठ जण होते. मी पायरीवर उभा राहिलो आन् सांगितलं. जत्रेच्या आठ दिवस आधी मी पंपाचं चाक बदललं होतं. जुन्या चाकाच्या चार पाकळ्या गायब होत्या. विहिरीच्या पंपातून तुटलेलं काही गेलं तर ते पाण्याबरोबर शेतात जातं, कुणी शोधत न्हाई. मीही शोधलं न्हाई. नवं चाक बसवलं आन् बंद केलं. बोटीला शेत नसतं, ते तुकडे कूलरमध्ये जाऊन बसले. रिकाम्या बोटीत आठ दिवस चालून गेलं, तीस माणसं भरली तेव्हा इंजिन जळालं. इंजिन मी जाळलं. कॉक उघडा होता, पाणी पडत होतं, देवानंद बराबर बोलला होता. मंग साळूबाईनं विचारलं, तर मंग तू त्याला नऊ वर्षं गावाबाहेर का ठेवलंस? रामराव खाली बघत होता, कारण त्या दिवशी माझ्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला होता. चाक मी बदललंय हे मला तेव्हाही माहीत होतं रे. पण चार पाकळ्या गेल्या कुठं, हा प्रश्न मी स्वतःला पडूच दिला न्हाई. तुझ्यावर ढकलणं सोपं होतं.

प्रीती तेव्हा पाण्यात हात धूत होती. तिनं वळून पाहिलं न्हाई. जीपपर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाली, काका, मी बोट पास करायला न्हाई आल्ते. मी डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला तो हे इंजिन एकदा आतून बघायचं म्हणून. आत काही सापडलं नसतं तर बाबांचंच चुकलं असं मानून मी गप परत गेले असते, तुमची बोट तरी नीट करून. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी विचारलं, बापाला सांगशील? म्हणाली न्हाई, ते तुम्ही सांगायचं. फोन करू नका, ते ठेवून देतील. लिहा. कागद ते टाकत न्हाईत. म्हणून हे पत्र. देवानंद, मी तुला सगळ्या गावासमोर खोटं ठरवलं आन् तू खरा होतास. गावासमोर ते मी परत घेतलं, पण तू तिथं नव्हतास, म्हणून ते अर्धंच झालं. तू गावात ये असं म्हणायची माझी लायकी न्हाई. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मीच वाळूजला येतोय, सकाळच्या गाडीनं, तुझ्या कंपनीच्या गेटवर. आत येणाऱ्याला तुम्ही वहीत लिहायला लावता म्हणे, नाव, कुणाकडं आलात, काय काम. पुंजाराम लिहीन, तुझं नाव लिहीन, आन् कामाच्या रकान्यात माफी मागायला असं लिहीन. तुझ्या साहेबांनी वाचलं तरी चालेल.

नऊ वर्षं उशिरा का होईना, तुझाच,
पुंजाराम